नकाशातली कुऱ्हाड

तुमचा प्रश्न असा: थायलंड कधीच कुणाची वसाहत नव्हता, मग त्याच्या सीमा इंग्रज-फ्रेंचांच्या हातून कशा आखल्या गेल्या? आणि डोंगरकड्यावरच्या एका जुन्या शिवमंदिरावरून थायलंड नि कंबोडिया अजून का भांडतात? दोन्हींचं उत्तर मोजणीदाराच्या टेबलावर सापडतं. माझी तीस-बत्तीस वर्षं त्याच टेबलावर गेली, म्हणून उत्तरही जरा मोजणीच्या अंगानेच देतो.

आधी एक सवय सोडावी लागेल. राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक बंद आकृती येते: बाहेरून रेघ, आत एकच रंग. दोनशे वर्षांपूर्वीच्या सियामला (थायलंडचं जुनं नाव) ही आकृती ठाऊकच नव्हती. बँकॉकच्या राजाची सत्ता दिव्याच्या उजेडासारखी होती. राजधानीत लख्ख, पुढे मंद, आणि जिथे ती संपायची तिथे दुसऱ्या कुणाचा तरी दिवा आधीच लागलेला असायचा. केदा, केलांतान, तेरेंगानू इथले मलय सुलतान ठरावीक वर्षांनी सोन्या-चांदीची झाडं घडवून बँकॉकला पाठवत. लुआंग प्रबांगचा राजा, चियांग माईचा राजा, कंबोडियाचा राजा, सगळे मांडलिक. पण मांडलिकाला धनी एकच असला पाहिजे असा नियम नव्हता. कंबोडिया एकाच वेळी सियामलाही मानायचा आणि व्हिएतनामलाही. थाई भाषेत अशा राज्याला 'सोंग फाय फा' म्हणत, म्हणजे दोन आभाळांखालचं. मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. निजामाच्या मुलखात चौथाई आपली आणि अंमल त्याचा, अशा व्यवस्थेला आपल्याकडे दोअमली म्हणत. पाठ्यपुस्तकातला १७६० चा मराठा साम्राज्याचा एकरंगी नकाशा बघताना ही दोअमली कुठल्या रंगात दाखवायची, हा प्रश्न मला आजही पडतो.

सीमा हा शब्द मात्र सियामकडे होता, आणि तो आपलाच आहे. थाई विहारातल्या उपोसथागाराभोवती (भिक्खूंच्या विधींचं दालन) आठ दिशांना दगड पुरतात, त्यांना 'सेमा' म्हणतात. नाखोन राचासिमा हे तिथलं मोठं शहर, म्हणजे नगर राजसीमा. पण ही सीमा आपल्या गावच्या शिवेसारखी होती. तिच्याबद्दल माहिती हवी असेल तर गावच्या म्हाताऱ्याला विचारायचं. अगदी हेच उत्तर बँकॉक दरबारने इंग्रजांना दिलं होतं. १८२६ च्या यांदाबोच्या तहाने ब्रह्मदेशाचा, सियामला लागून असलेला तेनासरीमचा किनारा इंग्रजांकडे आला. ते लगेच विचारू लागले की आता तुमची हद्द कुठे संपते ते सांगा. दरबारला प्रश्नाचं प्रयोजनच कळेना. दोन मित्रराज्यांमध्ये जंगल आहे, डोंगर आहे, वाटेवर एखादं नाकं आहे. मधल्या रानाची वाटणी कशाला करायची? सीमेवरच्या जुन्या माणसांना विचारून घ्या, आमची हरकत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना ही टाळाटाळ वाटली. मला वाटतं दरबार अगदी प्रामाणिक होता.

नवी दृष्टी आली ती आभाळाकडून. राजा मोंगकुट म्हणजे चौथा राम, हा राजा होण्यापूर्वी सत्तावीस वर्षं भिक्खू होता. मेरू पर्वत, चार द्वीपं, त्रैलोक्य असं विश्वाचं बौद्ध चित्र त्याला तोंडपाठ होतं, आणि पाश्चात्त्य खगोलशास्त्रही त्याने कसून शिकलं होतं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण सियामच्या आखातावर वा को या दलदलीच्या जागी दिसेल, असं त्याने स्वतः गणित करून सांगितलं. जागा सांगताना तिथल्या देवळाचं किंवा नदीचं नाव सांगून तो थांबला नाही, त्याने अक्षांश-रेखांश दिले. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आले, सिंगापूरचा गव्हर्नर आला, आणि गणित बरोबर निघालं. तिथल्या डासांनी मात्र राजाला सोडलं नाही. मलेरिया होऊन १ ऑक्टोबरला तो गेला. ग्रहणाच्या दिवशी तीच सावली आधी आपल्याकडून गेली होती. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात भारताच्या त्रिकोणमिती सर्वेक्षणातला लेफ्टनंट जॉन हर्शेल तेच ग्रहण दुर्बिणीतून पाहत होता. जमखंडी, गुंटूर, वा को, एकाच रेषेतली तीन ठाणी. पृथ्वीवरची कुठलीही जागा दोन आकड्यांत पकडता येते, हे ज्या राजाला पटलं त्याच्या वारसांना राज्याची कड आकड्यांत पकडायला किती वेळ लागणार?

तो वेळ आला १८८०-८१ मध्ये, आणि पुन्हा भारतातून. मद्रासजवळ १८०२ मध्ये इंग्रज सर्वेक्षक लॅम्बटनने सुरू केलेली त्रिकोणांची साखळी ब्रह्मदेशापर्यंत पोचली होती. (लॅम्बटन स्वतः १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथे आहे. वर्ध्याकडे गेलात तर जरूर बघा, बहुतेकांना ठाऊक नसते.) भारतीय सर्वेक्षण खात्याला ही साखळी पूर्वेकडे बँकॉकपर्यंत न्यायची होती. त्रिकोण मापायला उंच जागा लागतात, आणि बँकॉकच्या सपाट चिखलात उंच जागा म्हणजे चैत्यच. सर्वेक्षकांनी शहरातल्या सुवर्णगिरीवर आणि नाखोन पथोमच्या महाचैत्यावर खुणा उभारायची परवानगी मागितली. दरबारात कुजबुज झाली: आज देवळावर दुर्बीण, उद्या राजवाड्यावर झेंडा. शंका वावगी नव्हती. ब्रह्मदेशाचा निम्मा मुलूख तोवर इंग्रजांनी घेतला होता, आणि उरलेला पुढच्या चार-पाच वर्षांत घेतला.

दरबारने परवानगी दिली, पण त्या तुकडीतला जेम्स मॅकार्थी हा सर्वेक्षक आपल्या नोकरीत घेतला. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. राजाच्या अंगरक्षक दलातल्या पोरांना मोजणी शिकवायला शाळा निघाली आणि ३ सप्टेंबर १८८५ ला राजाचं सर्वेक्षण खातं स्थापन झालं. मॅकार्थीला पदवी मिळाली 'फ्रा विफाक फुवादोन'. थाई उच्चार सोडवून वाचा: विभाग, भूतल. भूतलाचे विभाग करणारा. मोजणीदाराला इतकं सुंदर आणि इतकं खरं नाव दुसऱ्या कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

इथे 'बिचाऱ्या सियामवर गोऱ्यांनी रेघा लादल्या' ही सोपी गोष्ट मोडते. मॅकार्थीची माणसं मोजत होती ती बँकॉकच्या अंगणातली भातखाचरं नव्हे, उत्तरेकडच्या लाव राज्यांतले डोंगर. चिनी हो टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी सियामच्या फौजा लुआंग प्रबांगकडे निघाल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर मोजणीदारही होते. हनोईच्या बाजूने फ्रेंच सरकत होते आणि लुआंग प्रबांगमध्ये त्यांचा व्हाइस-कॉन्सुल ऑग्यूस्त पावी बसला होता. त्याच्याही मोहिमा तेच डोंगर मोजत होत्या. १८८७ मध्ये लुआंग प्रबांग शहर लुटलं-जाळलं गेलं, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या राजाला पावीनेच होडीत घालून वाचवलं. सियामची फौज वेळेला जागेवर नव्हती, आणि ही गोष्ट फ्रेंचांनी पुढे पुरेपूर वापरली. म्हणजे एकाच मुलखासाठी दोन साम्राज्यांची स्पर्धा चालू होती आणि दोघांच्या हातात थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण होती. ज्यांचा मुलूख मोजला जात होता त्या लावांना, खमूंना, पहाडी लोकांना कुणी विचारलं नाही. मॅकार्थीच्या कामातून सियामचा पहिला आधुनिक नकाशा तयार झाला. त्यात मेकाँगच्या पूर्वेचाही मोठा पट्टा सियामचा आहे. त्या पट्ट्यात सियामचा अंमल किती होता? फार थोडा. नकाशा आधी झाला, अंमल त्याच्या मागून धावला.

अंमल कसा धावला तेही मजेशीर आहे. १८९० च्या दशकात गृहमंत्री राजपुत्र दामरोंगने मांडलिक राज्यं मोडून 'मोंथोन' पाडले. हा शब्द म्हणजे आपलं मंडल. राजकारणात मंडलाचा जुना अर्थ राजांचं वर्तुळ, एकात एक गुंतलेलं. दामरोंगच्या हातात त्याचा अर्थ झाला कमिशनरी. सुरुवातीला उत्तरेच्या आणि ईशान्येच्या मोंथोनांच्या नावांत 'लाव' शब्द होता: लाव चियांग, लाव फुआन, लाव काव. पण लाव लोकांचे पालक आम्ही, असं फ्रेंच म्हणू लागले तर? १९०० च्या सुमारास नावं बदलली. लाव चियांगचं झालं फायाप, लाव फुआनचं उदोन, लाव कावचं इसान. आणि पूर्वेकडे, आजच्या कंबोडियातल्या बत्तंबांगच्या बाजूला, बुराफा. संस्कृताचा गंध असलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल: वायव्य, उत्तर, ईशान्य, पूर्व. लोकांची नावं काढली आणि दिशांची घातली. दिशा कुणापासून मोजायच्या? अर्थातच बँकॉकपासून. इसानमध्ये आज लाव भाषा बोलणारी माणसं खुद्द लाओस देशापेक्षा जास्त आहेत, आणि त्यांची ओळख आहे 'ईशान्येकडचे थाई'. नकाशा माणसाची ओळख कशी बदलतो, याचा याहून नेमका नमुना मी पाहिलेला नाही. नावं बदलायला एक गोळीही लागली नाही, काम नुसत्या दिशादर्शकावर झालं.

तहांचा भाग झपाट्याने सांगतो, कारण तो कुठेही मिळतो. १३ जुलै १८९३ ला दोन फ्रेंच गनबोटी पाकनामचा किल्ला ओलांडून थेट बँकॉकच्या नदीत आल्या. ३ ऑक्टोबरच्या तहाने मेकाँगचा पूर्व किनारा गेला. नुकसानभरपाई ३० लाख फ्रँक, आणि पश्चिम किनाऱ्यावर २५ किलोमीटरचा पट्टा लष्कराविना ठेवायचा. १९०४ आणि १९०७ च्या तहांत आणखी मुलूख गेला, त्यात बत्तंबांग आणि अंगकोरवाटचं सिएम रीपही आलं. १९०९ च्या तहात केदा, पर्लिस, केलांतान, तेरेंगानू इंग्रजांकडे गेले. पटानी सियामकडे राहिलं. तिथल्या मलय मुसलमानांचा असंतोष आजही धुमसतो, आणि त्याची मुळं या रेघेत आहेत. नकाशाचा जो तुकडा उरला, तो आजचा थायलंड.

हा तुकडा दिसतो कुऱ्हाडीसारखा. वर रुंद पातं, खाली मलय द्वीपकल्पात उतरलेला लांब दांडा. थाई लोक त्याला 'ख्वान थोंग', सोन्याची कुऱ्हाड म्हणतात. दक्षिणेच्या प्रांतांना तर सर्रास 'दाम ख्वान', कुऱ्हाडीचा दांडा म्हणतात. या आकाराचं नि अस्मितेचं नातं इतिहासकार थोंगचाय विनिचाकुन यांनी उलगडून दाखवलं. १९७६ च्या थम्मासात विद्यापीठातल्या हत्याकांडाच्या वेळी ते विद्यार्थी नेते होते, तुरुंगात गेले, आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. देशाच्या या भौगोलिक देहासाठी त्यांनी एक नवा शब्दच घडवला. मी त्यांना मानतो, पण एका बाबतीत माझा जोर वेगळ्या जागी आहे. ते मुख्यतः दरबाराच्या नि शाळेच्या अंगाने बघतात. मी रंगाच्या अंगाने बघतो.

थाई शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या टांगलेला 'गमावलेल्या प्रदेशांचा' नकाशा घ्या. आरंभी प्रचंड मोठा सियाम: अख्खा लाओस, अख्खा कंबोडिया, मलय राज्यं. मग एकेक तुकडा वेगळ्या रंगाने गळत जातो, कडेला सन लिहिलेले, आणि शेवटी कुऱ्हाड उरते. किती वेळा प्रदेश गेला याचा आकडा आवृत्तीगणिक बदलतो, कुणी ८ म्हणतं, कुणी १४. नकाशा काढणारा म्हणून सांगतो, सगळी करामत पहिल्या रंगात आहे. मांडलिकाला मूळ मुलखासारखाच गडद रंग दिला की तो 'आपला' होतो, आणि आपला झाल्यावरच तो 'गेला' म्हणता येतं. कंबोडियाला दुरंगी पट्टे दिले असते तर? केदाला फिकट छटा दिली असती तर? गमावण्याजोगं फारसं काही उरलंच नसतं. दोन आभाळांखालची राज्यं एका रंगात बुडवली गेली आणि त्यातून एक जखम तयार झाली. जी राज्यं खरोखर नाहीशी झाली, चियांग माईचं घराणं, पटानीची सल्तनत, त्यांचा गेलेला मुलूख दाखवणारा नकाशा त्या शाळांत टांगलेला नसतो.

या जखमेचं राजकारण तेव्हाचा पंतप्रधान फील्डमार्शल फिबुनने केलं. २४ जून १९३९ ला सियामचं नाव बदलून थायलंड ठेवलं, म्हणजे थाई वंशाच्या सगळ्यांचा देश, मग ते रेघेच्या पलीकडे का असेनात. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळल्यावर फिबुनने इंडोचीनवर चाल केली, आणि जपानच्या मध्यस्थीने १९४१ मध्ये काही प्रदेश परत मिळवला. बँकॉकमधलं विजयस्मारक त्याचंच. १९४६ मध्ये तो सगळा प्रदेश परत द्यावा लागला. स्मारक मात्र उभं आहे, आणि आज शहरातल्या बसथांब्यांची सर्वांत मोठी गर्दी तिथेच असते.

आता तुमचं मंदिर. प्रेआह विहेआर, थाई उच्चारात फ्रा विहान, दोन्हींत आपला विहार. डांगरेक डोंगररांगेच्या टोकावर साधारण अकराव्या शतकातलं शिवालय. थायलंडकडून चढ हळूहळू येतो, पायऱ्याही त्याच बाजूने आहेत. मंदिराच्या मागे कडा सरळ तुटलेला, खाली कंबोडियाचं मैदान. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही जागा समजवावी लागत नाही, देशावरून घाटमाथ्याला यावं आणि खाली कोकण दिसावं तशीच. १९०४ च्या तहात लिहिलं होतं की या भागात सीमा जलविभाजकावरून जाईल. पाणी जिकडे वाहतं तिकडचा मुलूख. कागदावर हे निर्विवाद वाटतं. पण घाटमाथ्यावर फिरलेला माणूस सांगेल की कड्याची धार आणि पाणी दुभागणारी कड दर वेळी एक नसते. कड्याच्या टोकावर पडलेलं पाणी कधी उलटं आत वाहतं, कधी एखादी घळ ते भलतीकडे नेते. ही गोष्ट पायाखाली घालून मोजावी लागते.

सियामने मोजणीचं काम फ्रेंच अधिकाऱ्यांकडेच मागितलं. स्वतःचं सर्वेक्षण खातं वीस वर्षं जुनं असताना! पूर्व डांगरेक कॅप्टन ऊमच्या वाट्याला आला. नकाशे पॅरिसला छापले, एकूण अकरा, प्रमाण १:२,००,०००, आणि १९०८ मध्ये बँकॉकला पाठवले. त्यात मंदिर कंबोडियाच्या बाजूला होतं. दोन्ही बाजूंचा संयुक्त सीमा आयोग तोवर बरखास्त झाला होता, त्याने या नकाशांवर कधी सही केली नाही. पण बँकॉकने हरकतही घेतली नाही. उलट गृहमंत्री दामरोंगने फ्रेंच राजदूताचे आभार मानले आणि प्रांतांच्या गव्हर्नरांना वाटायला प्रत्येकी आणखी पंधरा प्रती मागवल्या. १९३० मध्ये हाच दामरोंग मंदिर बघायला गेला, तेव्हा तिथे फ्रेंच झेंडा लावून फ्रेंच अधिकाऱ्याने यजमानासारखं त्याचं स्वागत केलं. दामरोंगने नंतर त्याला फोटो पाठवले. १९३४-३५ मध्ये सियामच्या स्वतःच्या मोजणीत नकाशा आणि खरा जलविभाजक यांत तफावत सापडली. तरी १९३७ च्या थाई नकाशात मंदिर पुन्हा कंबोडियातच!

१९५४ मध्ये फ्रेंच गेल्यावर थाई पहारेकरी मंदिरात बसले आणि कंबोडिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. थायलंडच्या बाजूने तज्ज्ञ होते नेदरलँड्सचे प्राध्यापक शेर्मरहॉर्न. देहरादूनला हवाई छायाचित्रं वाचायला शिकताना आम्ही त्यांचं नाव ऐकलं होतं, कारण तिथली संस्था त्यांनीच डेल्फ्टमध्ये काढलेल्या संस्थेच्या मदतीने उभी राहिली. त्यांच्या बाजूचं म्हणणं थोडक्यात असं की नकाशात ओ तासेम नावाचा ओढा चुकीचा दाखवला आहे, म्हणून जलविभाजकाची रेघ उत्तरेला सरकली. मोजणीदार म्हणून मला हा मुद्दा भक्कम वाटतो. न्यायालयाने मात्र तो बाजूला ठेवला. खरा जलविभाजक कुठे आहे हे आम्हाला ठरवायचंच नाही, असं म्हटलं. पन्नास वर्षं तुम्ही हा नकाशा वापरलात, गप्प राहिलात, म्हणजे मान्य केलात. १५ जून १९६२, नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाचं. मौनं संमतिलक्षणम्‌, हे आपल्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टात ऐकू येतं तसंच हेगमध्येही. थाई सैनिकांनी झेंडा खाली उतरवला नाही. फडकत्या झेंड्यासकट अख्खा खांब उखडून त्यांनी तो शेजारच्या कड्यावर नेला.

मंदिर गेलं, पण त्याच्या भोवतालच्या साडेचार-पाच चौरस किलोमीटरचा निकाल लागला नव्हता. २००८ मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत गेलं आणि गोळ्या सुरू झाल्या, त्या अधूनमधून २०११ पर्यंत चालल्या. न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा स्पष्टीकरण दिलं. जुलै २०२५ मध्ये पाच दिवस तोफा, रॉकेटं आणि लढाऊ विमानंही वापरली गेली, लाखो माणसांनी घरं सोडली. कंबोडिया १:२,००,००० च्या नकाशावर बोट ठेवतो, थायलंड १:५०,००० च्या. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २०० मीटर. छापलेली रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी तिच्या पोटात १०० मीटरचा पट्टा मावतो. कड्याच्या टोकावर १०० मीटरमध्ये एक अख्खं देऊळ बसतं.

आणि या रेघेवर, मंदिराजवळच्या भागात, सीमेचा एकही दगड नाही. त्या जुन्या आयोगांनी पश्चिमेकडे चोंग सा-ङाम खिंडीपासून पुढे समुद्रापर्यंत खांब पुरले. पूर्वेच्या डोंगरावर पुरलेच नाहीत. एवढा ठळक कडा असताना दगड कशाला, असं त्यांना वाटलं असणार.